पन्हळीवरचा उंट

इ.स. १०१७ साली गझनीच्या सुलतान महमूदाने ख्वारिज्म जिंकले आणि तिथल्या दरबारातली जी हुशार माणसे तो आपल्या राजधानीला घेऊन गेला, त्यांत अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्बेरुनी हा एक होता. वय चव्वेचाळीसच्या आसपास. गणित आणि ज्योतिष या विषयांत त्याचे नाव झालेले होते. ज्या राजाच्या पदरी तो होता तो राजा बंडखोरांच्या हातून मारला गेला होता, घरदार मागे राहिले होते, आणि नव्या मालकाची मर्जी कशी राहील याचा भरवसा नव्हता. या वयात आणि या अवस्थेत त्याने संस्कृत शिकायला घेतले.

सुलतानाने फर्मावले म्हणून शिकलो, असे तो कुठे म्हणत नाही. दरबाराची निकड दुसऱ्या मार्गाने भागत होती. महमूदाने लाहोरला पाडलेली चांदीची नाणी आज पाहायला मिळतात. हिजरी ४१८ आणि ४१९ ची, म्हणजे इ.स. १०२७-२८ ची. त्यांच्या एका बाजूला अरबी मजकूर आहे आणि दुसऱ्या बाजूला चक्क संस्कृत. कलम्याचाच तो भावानुवाद. त्यात अल्लाहसाठी 'अव्यक्त' हा शब्द योजला आहे. बुतशिकन म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या नाण्यावर कलमा संस्कृतात असावा ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. दोन्ही बाजूंना ती गैरसोयीची आहे, हे त्याचे कारण असावे. पण ते असो. टांकसाळीला एखादा पंडित आणि एखादा दुभाष्या पुरेसा होता. अल्बेरुनीचे तेवढ्यावर भागत नव्हते. त्याला भाषाच हवी होती.

असे का, याचे उत्तर शोधताना त्याच्या भारतावरच्या प्रसिद्ध ग्रंथापेक्षा त्याने अगदी शेवटी लिहिलेले पुस्तक अधिक उपयोगी पडते. 'किताब अस्-सैदना' हे ते पुस्तक. विषय औषधी द्रव्यांचा. ते लिहिताना त्याने चांद्र वर्षांच्या हिशेबाने वयाची ऐंशी ओलांडली होती, नजर आणि कान दोन्ही अधू झाले होते. प्रस्तावनेत तो आपल्या पोरवयातली एक आठवण सांगतो. त्यांच्या मुलखात एक ग्रीक माणूस येऊन राहिला होता. हा मुलगा रानातून, मळ्यातून, बाजारातून धान्याचे दाणे, बिया, फळे, पाने गोळा करायचा आणि त्या माणसापुढे नेऊन ठेवायचा. याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? आणि याला? तो सांगेल ते नाव मुलगा लिहून ठेवायचा.

या आठवणीत उस्ताद नाही, छडी नाही, सबक नाही, सनद तर नाहीच. एक परका माणूस आहे आणि मुठीत धरलेले दाणे आहेत. जी वस्तू आपण रोज पाहतो तिला जगात दुसरेही एक नाव आहे, एवढे कळण्यात जी गंमत असते तिच्यासाठी तो मुलगा पुन्हा पुन्हा जात राहिला. भाषा शिकण्याची गोडी लागते ती बहुधा अशीच. व्याकरण नंतर येते.

त्याच प्रस्तावनेत त्याने आपल्या मातृभाषेविषयी लिहिले आहे, आणि ते वाचताना मराठी मुसलमानाने तरी थोडे थांबावे. अल्बेरुनीची जन्मभाषा ख्वारिज्मी. फारसीची ती दूरची बहीण. ख्वारिज्मबाहेर तिला फारसे कोणी विचारत नव्हते. या भाषेत शास्त्र लिहिले तर ते छपराच्या पन्हळीवर चढलेल्या उंटासारखे किंवा जातिवंत अरबी घोड्यांच्या पागेत शिरलेल्या जिराफासारखे दिसेल, असे तो म्हणतो. मग आपण अरबी आणि फारसी या दोन भाषांकडे वळलो. पण दोन्हींत आपण उपरेच आहोत, हेही तो लपवत नाही. त्यातही फारसीत कोणी आपली स्तुती करण्यापेक्षा अरबीत निंदा केलेली आपल्याला चालेल, अशी त्याची पसंती. फारसी कशासाठी, तर राजेरजवाड्यांच्या हकिकतींसाठी आणि रात्री सांगायच्या गोष्टींसाठी!

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. कोकणात, मराठवाड्यात, सोलापूर-कोल्हापूरकडे घरात जी बोली चालते तिच्यात दीनची गोष्ट बसत नाही, इल्म हवे तर ते उर्दूत, आणि खरे इल्म अरबीत, असे म्हणणारी वडीलधारी माणसे आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. मराठीत कुराणाचा अर्थ सांगायचा म्हटले की पन्हळीवर उंट दिसणारे लोक अजूनही आहेत. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही हा उंट अनेकांना दिसला असणार.

ख्वारिज्मीचे पुढे काय झाले? मोंगोलांच्या स्वाऱ्यांनंतर, पुढच्या शतका-दीडशतकात ती विझली. तुर्की बोलींनी तिची जागा घेतली. आज त्या भाषेचे म्हणून जे हाती आहे ते थोडे आहे: नाण्यांवरची आणि भांड्यांवरची काही अक्षरे, जमख्शरीच्या अरबी कोशात ओळींच्या मधे लिहिलेले अर्थ, फिकहच्या एका ग्रंथात साक्षीपुराव्याच्या निमित्ताने आलेली वाक्ये. आणि एक मोठा ठेवा म्हणजे ख्वारिज्मी महिन्यांची, दिवसांची आणि सणांची नावे. ती कुणी टिपून ठेवली? अल्बेरुनीनेच. इ.स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या 'अल्-आसार अल्-बाकिया' या कालगणनेवरच्या ग्रंथात, अरबीत. ज्या भाषेत शास्त्र शोभणार नाही असे त्याला वाटत होते तिचे शब्द शास्त्राच्या पुस्तकात घालून त्यानेच वाचवले. मातृभाषेविषयी त्याचे मत मला पटत नाही, पण त्याची वही आणि त्याचे मत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

आता संस्कृतकडे येऊ. सुलतान महमूद १०३० मध्ये वारला आणि त्याच सुमारास अल्बेरुनीचा 'किताब तहकीक मा लिल्-हिंद' पुरा झाला. ऐंशी प्रकरणांचा हा ग्रंथ. जर्मन पंडित एडवर्ड साखाव याने १८८७ मध्ये त्याची अरबी संहिता छापली आणि पुढच्या वर्षी इंग्रजी भाषांतर. हिंदूंना समजून घेणे आपल्याला का जड जाते, हे सांगून ग्रंथाची सुरुवात होते, आणि अडचणींच्या यादीत पहिली अडचण भाषेची आहे. धर्माची नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तक्रारी त्याने अगदी मोकळेपणाने केल्या आहेत. या भाषेचा पसारा अरबीसारखाच अफाट आहे. एका वस्तूला दहा नावे आणि एका नावाच्या दहा वस्तू; मागचा-पुढचा संदर्भ पाहिल्याशिवाय अर्थ लागायचा नाही. लोक याला भाषेची श्रीमंती म्हणून मिरवतात, मला तर हा दोष वाटतो, असे हा कोरडा गणिती म्हणतो. बोलीभाषा एक आणि पंडितांची भाषा दुसरी. शब्दाच्या आरंभीच दोन-दोन, तीन-तीन व्यंजने जोडून येतात आणि ती आमच्या जिभेला पेलत नाहीत. काही ध्वनी तर असे, की आमच्या कानाला त्यांतला फरकच कळत नाही. अरबी लिपीत ते लिहायचे कसे? नुक्ते देऊन, जेर-जबर लावून एखादा शब्द पंडिताच्या तोंडून जपून उतरवून घ्यावा, आणि नंतर तोच शब्द त्याला वाचून दाखवावा, तर त्याला तो ओळखता येऊ नये! त्यात नकलनवीस इतके बेपर्वा की दोन हातांतून गेलेली पोथी मूळची राहत नाही. आणि सगळे शास्त्र श्लोकांत. पाठ करायला ते सोपे, पण वृत्त भरण्यासाठी घातलेल्या शब्दांतून अर्थ वेचून काढताना शिकणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

ज्याला भाषा आवडत नाही तो इतक्या बारकाईने तक्रार करत नाही. अरबी शिकलेल्या आपल्याकडच्या कुणालाही विचारा. ऐन आणि हमजा, ह आणि हे, स्वाद आणि सीन यांच्यावरून उस्तादांनी किती वेळा थांबवले ते तो तक्रारीच्या सुरात सांगेल, पण सांगताना त्याचा चेहरा हसरा असेल.

दुसरी अडचण जास्त कडू होती. ज्या लोकांची भाषा शिकायची त्यांच्यावर आपलाच सुलतान वर्षानुवर्षे स्वाऱ्या करत होता. ग्रंथाचे काम चालू असतानाच, १०२५-२६ च्या हिवाळ्यात, सोमनाथची स्वारी झाली. अल्बेरुनी दरबाराचे अन्न खाणारा माणूस होता. तरीही या स्वाऱ्यांनी तो मुलूख उद्ध्वस्त झाला, तिथले लोक धुळीच्या कणांसारखे उधळले गेले, आणि उरलेल्यांच्या मनात मुसलमानांविषयी खोल तिटकारा बसला, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले. त्यांची विद्या आम्ही जिंकलेल्या प्रदेशातून निघून काश्मीर, बनारस अशा ठिकाणी गेली, जिथे आमचा हात पोचत नाही, असेही. म्हणजे विद्यार्थ्याच्या बादशहाने शिक्षकांनाच पळवून लावले होते. अशा परिस्थितीत मलेच्छ म्हणून ज्याच्या हातचे पाणी चालत नाही अशा माणसाने पंडितापुढे शिष्य म्हणून बसायचे.

तो बसला. आरंभी आपण त्यांच्या ज्योतिष्यांपुढे शिष्यासारखे उभे राहत होतो, असे तो सांगतो. थोडी भाषा आल्यावर तो प्रश्न विचारू लागला, गणिताची कारणे दाखवू लागला, तेव्हा पंडित चकित झाले. तुझा हिंदू गुरू कोण, असे विचारू लागले. याला जादूटोणा येतो, अशीही कुजबुज झाली. इथे अल्बेरुनी थोडा फुशारतो. ते मानवी आहे, आणि सहा-आठ वर्षे कुणापुढे मान खाली घालून शिकल्यानंतर एवढी फुशारकी माफ असावी. त्याने पोथ्यांसाठी पैसा पाहिला नाही. जिथे मिळतील असा वास आला तिथून त्या मागवल्या, आणि त्या समजावून सांगणारी माणसे दूरवरून बोलावली. या छंदात आपल्या काळात आपण अगदी एकटे आहोत, हे त्याने नोंदवले आहे.

त्याचे फिरणे मात्र लोक समजतात तेवढे नव्हते. पेशावर, झेलम, सियालकोट, लाहोर, मुलतान. नंदनाच्या किल्ल्यावर त्याने डोंगराची उंची आणि क्षितिजाचा कोन घेऊन पृथ्वीची त्रिज्या काढली. पंजाबच्या पुढे तो आला नाही. महाराष्ट्राविषयी त्याला ऐकून माहीत होते. धारहून दक्षिणेला निघालेल्या वाटेवर 'मऱ्हाट देश' आणि मग समुद्रकाठी कोकणची राजधानी 'ताना', म्हणजे आपले ठाणे, इतके त्याने अंतरांसह दिले आहे.

पण महाराष्ट्राचा धागा त्याच्या ग्रंथात दुसरीकडे, अधिक गमतीच्या जागी आहे. तेरावे प्रकरण व्याकरण आणि वृत्तांचे. तिथे तो संस्कृत व्याकरणाच्या जन्माची एक कथा सांगतो. कथेचा नायक सातवाहन राजा, म्हणजे आपल्या पैठणचा. राजा राण्यांसह तळ्यात जलक्रीडा करत होता. एका राणीला तो म्हणाला, पाणी उडवू नको. संस्कृतात 'मा' म्हणजे नको आणि 'उदक' म्हणजे पाणी. दोन्ही शब्द जोडले की संधी होतो 'मोदक'. राणी उठली आणि मोदक घेऊन आली! राजा चिडला, राणीने उलट उत्तर दिले, राजा रुसून अन्नपाणी सोडून कोपऱ्यात जाऊन बसला. शेवटी एका विद्वानाने त्याची समजूत काढली, महादेवाची आराधना केली, आणि व्याकरणाचे काही नियम मिळवून आणले. आपल्याकडे अबुल-अस्वद अद्-दुअलीने अरबी व्याकरणाचे पहिले नियम बांधले तसाच हा प्रकार, अशी पुस्ती अल्बेरुनी जोडतो. संस्कृतची कथा सांगताना त्याला बसऱ्याचा अबुल-अस्वद आठवतो. दोन भाषा एकाच डोक्यात शेजारी राहू लागल्या की असे होते.

'कथासरित्सागर' हा काश्मीरचा ग्रंथ अल्बेरुनीनंतर काही दशकांनी लिहिला गेला. त्यात हीच कथा उलटी आहे. तिथे संस्कृत जाणणारी राणी आहे आणि मोदक मागवणारा अडाणी राजा आहे. राण्या-दासी हसतात, राजा शरमेने आजारी पडतो. गुणाढ्य नावाचा पंडित म्हणतो, व्याकरण यायला लोकांना बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणतो, मी सहा महिन्यांत. पैज लागते. शर्ववर्मा 'कातंत्र' हे आटोपशीर व्याकरण घेऊन येतो आणि जिंकतो. हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडून रानात जातो, पैशाची शिकतो आणि तिच्यात 'बृहत्कथा' लिहितो. दंतकथाच आहे ही. पण तिच्यात एक खरी गोष्ट आहे. 'सहा महिन्यांत अमुक भाषा शिका' हे फलक आपल्याला एसटी स्टँडवर दिसतात, त्यांचा मूळपुरुष पैठणच्या दरबारात होता! राजा शिकला तो शरमेपोटी, म्हणजे परीक्षेपुरता. आणि भाषा गमावून बसलेला माणूस जी उपरी, कुणी न मानणारी भाषा शिकला तिच्यात त्याने गोष्टींचा समुद्र निर्माण केला.

त्याच प्रकरणात दुसरी हकीकत आहे, आणि ती अल्बेरुनीच्या जवळच्या काळातली आहे. पंजाबच्या शाही घराण्यातल्या राजा आनंदपालाला उग्रभूती नावाचा गुरू होता. गुरूने व्याकरणाचे पुस्तक लिहिले आणि काश्मीरला पाठवले. काश्मीरचे पंडित आपल्या तोऱ्यात. त्यांनी ढुंकून पाहिले नाही. गुरू शिष्याकडे रडत आला. आनंदपालाने दोन लाख दिरहम आणि तितक्याच मोलाच्या भेटी काश्मीरला रवाना केल्या: हे पुस्तक जे शिकतील त्यांच्यात वाटा. मग काय विचारता! सगळे त्याच पुस्तकावर तुटून पडले, दुसऱ्या व्याकरणाची नक्कल करणे सोडून दिले. अल्बेरुनी या हावेवर एक कोरडा शेरा मारून पुढे जातो. पैशाने भाषा शिकली जाते, याबद्दल वाद नाही. आखातातल्या नोकरीसाठी रत्नागिरी-रायगडच्या किती तरी लोकांनी कामापुरती अरबी उचलली, आणि तिने घरे उभी केली. तिला नावे ठेवण्याचा कुणाला हक्क नाही. गरज ही मोठी उस्ताद आहे. मदिनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी यहुद्यांशी पत्रव्यवहारासाठी हजरत जैद इब्न साबित (रजि.) यांना त्यांचे लिखाण शिकायला सांगितले आणि ते त्यांनी पंधरवड्यात आत्मसात केले, ही हदीस तिरमिजीत आहे.

पण अल्बेरुनीला ना शरम होती, ना दिरहम, ना पत्रव्यवहार. त्याच्या ग्रंथात जागोजाग जे दिसते ते दुसरेच आहे. लघू-गुरूंची मांडणी समजली तेव्हा त्याला लगेच खलील इब्न अहमदचे अरबी अरूज आठवले आणि त्याने दोन्ही शेजारी मांडली. खलीलने हिंदूंच्या वृत्तांविषयी काही ऐकले असेल का, अशी काहींची शंकाही नोंदवली. 'कलीला व दिम्ना' अरबीत सगळे वाचतात, पण इब्न अल्-मुकफ्फाने त्यात आपल्या पदरचे किती घातले कोण जाणे. मला मूळ पंचतंत्र स्वतः भाषांतरित करता आले तर किती बरे, अशी इच्छा तो व्यक्त करतो. पातंजल योग आणि सांख्य यांवरच्या ग्रंथांची त्याने अरबी भाषांतरे केली. त्यातले सांख्याचे हरवले. पतंजलीचे भाषांतर इस्तंबूलच्या कोप्रुलू ग्रंथालयातल्या एका हस्तलिखिताच्या समासात लिहिलेले सापडले; लुई मासिन्योंने ते १९२२ मध्ये शोधले आणि हेल्मुट रिटरने १९५६ मध्ये छापले. नऊशे वर्षे ते समासात होते.

सर्वांत नवल वाटते ते उलट दिशेच्या कामाचे. युक्लिडची भूमिती, टॉलेमीचा 'अल्मजिस्ती' आणि अस्तुरलाब यंत्रावरची एक पुस्तिका या गोष्टी तो हिंदू विद्वानांसाठी संस्कृतात आणत होता. म्हणजे त्रिकोणाचे प्रमेय अनुष्टुभात! पंडित जे हाती येईल ते श्लोकात घालतात आणि मग ते समजत नाही, अशी त्याची तक्रार. आणि हा स्वतः त्याच खटपटीत. का, तर आपल्याकडचे शास्त्र त्यांच्यापर्यंत पोचावे. काश्मीरच्या विद्वानांनी विचारलेल्या दहा प्रश्नांना त्याने लिहिलेली उत्तरेही त्याच्या ग्रंथयादीत आहेत. यांतले संस्कृत काही आज उरलेले नाही. ते श्लोक कसे असतील याची कल्पना करत बसायला मला आवडते. वृत्त चुकले असेल, पंडितांनी दुरुस्त करून दिले असेल.

कारण एक गोष्ट सांगितली पाहिजे. अल्बेरुनीला संस्कृत किती येत होते, याविषयी अभ्यासकांचे मतभेद आहेत. पंडिताच्या मदतीशिवाय अवघड पोथी त्याला लागत नसावी, असा साखावचा कल होता, आणि ग्रंथातल्या शब्दांची रूपे पाहिली तर ती पुष्कळदा बोलीतली आहेत, पोथीतली नाहीत. म्हणजे तो कानाने शिकत होता. पैलतीराला तो पोचला नसेल. पण बगदादला अल्-मन्सूरच्या काळात, आठव्या शतकात, ब्रह्मगुप्ताच्या शास्त्राचे 'सिंदहिंद' नावाने अरबी रूप झाले होते, आणि त्यातल्या मोडक्यातोडक्या नावांवर विसंबून अडीचशे वर्षे लोक बोलत होते. ते शब्द मुळात काय होते हे जाऊन विचारणारा हा पहिला.

पुढे अकबराच्या काळात महाभारत, रामायण फारसीत आले. त्या कामावर मुल्ला बदायूनीला बसवण्यात आले. रामायणावर त्याने चार वर्षे घालवली आणि हे कुफ्र आपल्या हातून लिहवले जात आहे म्हणून मनातल्या मनात तौबा करत राहिला. संस्कृत तो शिकला नाही. पंडित हिंदीत सांगत, हा फारसीत उतरवी. माणूस विद्वान होता, लेखणी तीक्ष्ण होती, सोय सगळी होती, बादशहाचा खजिना पाठीशी होता. अल्बेरुनीजवळ यातले काहीच नव्हते. दारा शुकोहने १६५७ मध्ये बनारसच्या पंडितांच्या साहाय्याने पन्नास उपनिषदे फारसीत आणली; त्याच्या मनात ओढ होती, पण त्याला ग्रंथात तौहीद शोधायची होती आणि ती त्याला सापडली. काही शोधायचे ठरवून न जाता, आहे ते आहे तसे ऐकून घेणारा अल्बेरुनी या दोघांहून निराळा राहतो.

आणि आपल्या मराठीलाही असा एक परका विद्यार्थी मिळाला होता. १५७९ मध्ये गोव्याला आलेला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स. आला तो धर्मप्रसारासाठी, भाषा शिकला तीही त्यासाठीच. पण १६१६ मध्ये छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. धर्मप्रसाराला इतक्या ओव्या लागत नाहीत. कुठेतरी हेतू मागे पडला आणि ओवीच गोड लागू लागली.

आपल्या मुलांचे काय होते? चार-पाच वर्षांचे पोर कायदा घेऊन मक्तबात जाते, अलिफ-बे शिकते, दोन-तीन वर्षांत कुराण नाजिरा वाचते. अक्षर ओळखते, उच्चार शुद्ध करते, आणि अर्थ? इतकी मेहनत घेऊन मूल दाराशी येते आणि दार उघडले जात नाही. तिलावतीचे मोल मी कमी करत नाही. पण त्याच मुलाला कुणी सांगत नाही की निकाहात ऐकलेले 'कबूल', नमाजची दिशा 'किबला', कुस्तीच्या फडातला 'मुकाबला', शिकाऱ्याच्या गोष्टीतला 'कबिला' आणि मास्तरांनी शाबासकी देताना म्हटलेले 'काबील' हे सगळे काफ-बे-लाम या एकाच तीन अक्षरी मुळातून फुटले आहेत, आणि त्या सगळ्यांत 'समोर असणे' हा भाव आहे. हुकूम, हुकूमत, हाकीम, हिकमत ही दुसरी ओळ. हे शब्द त्याला मराठी म्हणून आधीच येतात. मूठभर दाणे त्याच्या खिशातच आहेत. त्यांची नावे कुणीतरी विचारू द्यायला हवीत. संस्कृतची तर बातच नको. 'ती त्यांची भाषा' म्हणून विषय मिटवला जातो, आणि पलीकडच्या वस्तीत उर्दू-अरबीविषयी नेमके हेच वाक्य बोलले जाते. सोलापूरच्या मातीतले पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार २०२१ मध्ये वारले. त्यांनी हयात संस्कृतच्या सेवेत घालवली, कुराण संस्कृतात आणले. आपल्या किती घरांत त्यांचे नाव माहीत आहे?

अल्बेरुनीकडे परत जाऊन थांबतो. याकूतने त्याच्या अखेरच्या क्षणांची एक हकीकत दिली आहे. एक फकीह भेटीला आला. घरघर लागलेल्या अवस्थेत अल्बेरुनीने त्याला वारसाहक्काचा एक जुना प्रश्न विचारला. या वेळी? असे फकीहने म्हटले, तर उत्तर आले की अज्ञानात जाण्यापेक्षा माहीत करून घेऊन गेलेले बरे. फकीहने समजावून सांगितले, अल्बेरुनीने ते म्हणून दाखवले, आणि फकीह रस्त्यावर पोचतो तो मागे रडण्याचा आवाज उठला. ही हकीकत सगळ्यांना आवडते. मला मात्र त्याच्या थोडे आधीचा म्हातारा जास्त जवळचा वाटतो. दिसत नाही, ऐकू येत नाही, हाताशी एक तरुण हकीम मदतीला, आणि 'सैदना'ची कलमे रचणे चालू आहे. एकेका झाडपाल्याचे नाव: अरबीत काय, ग्रीकमध्ये काय, सुर्यानीत, फारसीत, हिंदीत. आणि अधूनमधून, ज्या भाषेत शास्त्र शोभत नाही म्हणून त्याने सोडली होती, त्या ख्वारिज्मीतही.

पुस्तक पुरते साफ करणे त्याला जमले नाही. दोनेक शतकांनी, सुलतान अल्तमशच्या काळात, त्याचे भाषांतर दिल्लीत झाले. फारसीत.